‘उपासमार’ या शब्दाचा कर्ता : बियाफ्राच्या नाकेबंदीविषयीच्या तीन कृती

मराठीत ‘उपास’ या नामाबरोबर येणारी क्रियापदे लक्षपूर्वक पाहिली, तर एक मोठा भेद ध्यानात येतो. ‘उपास करणे’ यात कर्त्याची इच्छा आहे. ‘उपास पडणे’ यात इच्छा नाही, परंतु दुसरा कोणी कर्ताही नाही. ‘उपाशी मारणे’ यात मात्र उपाशी राहणारा कर्मस्थानी जातो व कर्ता म्हणून दुसराच कोणी उभा राहतो. ‘उपासमार’ या सामासिक शब्दात ‘मार’ आहे, म्हणजे मारणारा कोणी असला पाहिजे असे व्युत्पत्ती सुचविते. पण व्यवहारात आपण ‘उपासमार झाली’ असेच म्हणतो, आणि मारणारा वाक्याबाहेर निघून जातो. इंग्रजीतील तत्सम क्रियापद एकाच रूपात अकर्मकही आहे व सकर्मकही. मुळात तर त्याचा अर्थ नुसता ‘मरणे’ एवढाच होता. युद्धकालीन नाकेबंदीविषयी जे लिहिले जाते त्यातील पुष्कळसा वाद या व्याकरणिक संदिग्धतेभोवती फिरत असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नायजेरियातील यादवी युद्धावरील तीन कृतींच्या आधारे ते येथे तपासून पाहावयाचे आहे.

प्रथम घटनाक्रम. 30 मे 1967 रोजी नायजेरियाच्या पूर्व विभागाने ओजुक्वू यांच्या नेतृत्वाखाली ‘बियाफ्रा’ या नावाने स्वातंत्र्य घोषित केले. जुलैच्या आरंभी युद्ध सुरू झाले. समुद्रमार्गाची नाकेबंदी आधीच होती. जुलै 1967 मध्ये बॉनी, ऑक्टोबरात कालाबार व मे 1968 मध्ये पोर्ट हारकोर्ट पडल्यावर बियाफ्राला समुद्रकिनाराच उरला नाही. मध्यंतरी, जानेवारी 1968 मध्ये, संघराज्याने चलनी नोटा बदलल्या आणि बियाफ्राजवळचा पैसाही निकामी झाला. यानंतर अन्न आत जावयाचे ते मुख्यतः रात्रीच्या अंधारात, उली येथील रस्त्यावर उतरणाऱ्या विमानांतून. फुगलेल्या पोटांच्या व तांबूस केसांच्या मुलांची छायाचित्रे 1968 च्या उन्हाळ्यात जगभर पोचली. जानेवारी 1970 मध्ये युद्ध संपले, तोवर किती माणसे मेली याविषयीचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत पसरलेले आहेत. रणांगणावर पडलेल्यांपेक्षा भुकेने व रोगाने गेलेल्यांची संख्या कितीतरी अधिक, याविषयी मात्र फारसा मतभेद नाही.

चिनुआ अचेबे यांचे ‘देअर वॉज अ कंट्री’ हे स्मरणात्मक पुस्तक 2012 साली, त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाले. इतिहास, आत्मकथन आणि लेखकाच्या पूर्वीच्या कविता अशी त्याची मिश्र रचना आहे. पुस्तक प्रसिद्ध होताच नायजेरियात जो गदारोळ उठला तो जवळजवळ सर्वस्वी एका आरोपावरून. संघराज्याचे तत्कालीन अर्थप्रमुख ओबाफेमी अवोलोवो यांनी स्वतःची व आपल्या योरुबा समाजाची सत्ताकांक्षा पुरी करण्यासाठी इग्बोंची संख्या उपासमारीने घटविण्याचे धोरण आखले, असे अचेबे म्हणतात. वाक्यरचनेच्या दृष्टीने पाहता येथे कर्तृपद निःसंदिग्ध आहे. ‘उपासमार झाली’ हे वाक्य लेखकाने ‘अमुकाने अमुक हेतूने उपाशी मारले’ असे केले. असे करण्याचा त्यांना अधिकार होता. संघराज्याच्या बाजूने उपासमार हे युद्धाचे वैध साधन आहे असे उघडपणे बोलले गेले होते, हे विसरता येत नाही. परंतु धोरण सिद्ध करणे निराळे आणि हेतू सिद्ध करणे निराळे. पहिल्यासाठी पुरावा आहे. दुसऱ्यासाठी अचेबे यांनी अनुमान दिले आहे, आणि ते अनुमान एका व्यक्तीवरून संपूर्ण समाजाच्या आकांक्षेकडे ज्या सहजतेने सरकते ती सहजता चिकित्सकास खटकल्यावाचून राहत नाही.

अवोलोवो यांचा खुलासा उपलब्ध आहे. 1983 साली, निवडणुकीच्या काळात, त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे : युद्धक्षेत्रात जाऊन त्यांनी कुपोषित मुले पाहिली, चौकशी केली, तेव्हा पाठविलेले अन्न वाटेत सैनिकच अडवून नेतात असे समजले, अन्न सैनिकांना पोसून युद्ध लांबविते, म्हणून ते थांबविले. या युक्तिवादाची घडण पाहण्याजोगी आहे. यात मुले आरंभी आहेत, शेवटी नाहीत. ज्यांच्यासाठी चौकशी झाली ते निर्णयाच्या वाक्यात कोठेच येत नाहीत. तेथे फक्त सैनिक व युद्ध. तथापि हा युक्तिवाद केवळ अवोलोवो यांचा होता असे समजणे चूक ठरेल. 1949 च्या चौथ्या जिनीव्हा-कराराचे 23 वे कलम पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व बाळंतिणी यांच्यासाठी अन्नाला वाट देण्यास सांगते खरे. पण अन्न भलतीकडे वळविले जाण्याची वा शत्रूला लष्करी लाभ होण्याची गंभीर शंका असेल तर वाट नाकारण्याची मुभाही त्याच कलमात आहे. शिवाय हा करार राष्ट्राराष्ट्रांतील युद्धांचा. यादवीला त्याचे एकच सामायिक कलम लागू पडे. अवोलोवो वकील होते, हे येथे नोंदवावेसे वाटते.

दुसऱ्या बाजूचे वर्तनही निष्कलंक नाही. संघराज्याने खुष्कीचा मार्ग देऊ केला, तो बियाफ्राने विषप्रयोगाच्या व लष्करी घुसखोरीच्या भयाने नाकारला. 5 जून 1969 रोजी रेडक्रॉसचे मदत नेणारे एक विमान संघराज्याने पाडल्यावर प्रश्न अधिकच बिकट झाला. त्यानंतर सप्टेंबरात दिवसाच्या उड्डाणांविषयी रेडक्रॉस व संघराज्य यांच्यात करार झाला, तोही बियाफ्राने स्वीकारला नाही. रात्री अन्नाची विमाने उतरत त्याच धावपट्टीवर शस्त्रांचीही उतरत. दिवसा अन्नाला मोकळीक मिळाली असती तर रात्रीच्या विमानांचा आडोसा गेला असता. अचेबे हा वाद टाळत नाहीत; गोवन यांची बाजूही त्यांनी नोंदविली आहे. पण ज्या ठिकाणी ओजुक्वूंच्या निर्णयाची चिकित्सा व्हावयास हवी, तेथे त्यांचे वाक्य हटकून भाववाचक नामांत शिरते. अचेबे स्वतः बियाफ्राच्या प्रचारकार्यात होते, 1969 च्या अहियारा घोषणापत्राची सिद्धता करणाऱ्या समितीचे ते प्रमुख होते. हा दोष म्हणून सांगत नाही. पण त्या घोषणापत्राची वाक्यपद्धती चाळीस वर्षांनंतरच्या स्मरणग्रंथातही अधूनमधून ऐकू येते.

आणि नवल असे, की याच लेखकाने 1972 सालीच याहून अधिक सांगून ठेवले होते. ‘गर्ल्स ॲट वॉर’ या कथेचा नायक नवांक्वो हा न्यायखात्यातील अधिकारी. मदतकेंद्रात त्याची ओळख आहे. बाहेर हाडकुळ्या माणसांची गर्दी टोमणे मारीत असता तो आपल्या मोटारीत खाद्यपदार्थ भरून घेतो. त्याला लाज वाटते. पण घरी बायको व चार मुले आहेत, असे तो मनाशी म्हणतो. ग्लॅडिस ही एके काळी निष्ठेने नाक्यावर मोटारी तपासणारी मुलगी. आता विग व उंची बूट घालून कोणा बड्याच्या आश्रयाने राहते. तिच्या अधःपातावर नवांक्वो मनात प्रवचन रचितो आणि तिलाच शय्येवर नेतो. शेवटी विमानहल्ल्यात, मोटारीत अडकलेल्या अपंग सैनिकाला सोडविण्यासाठी ती परत फिरते व त्याच्यासह मरते. बाँब टाकणारा कोण हे सांगण्याची कथेस गरज पडत नाही. पण अन्न कोणाच्या दारी थांबले, हे तिने नेमके दाखविले आहे. येथे भूक नुसती ‘पडत’ नाही आणि नुसती बाहेरून ‘लादली’ही जात नाही, वेढ्याच्या आत तिची पुन्हा एकदा वाटणी होते. स्मरणग्रंथाच्या तुलनेत ही कथा कितीतरी अधिक न्यायी आहे. कथेत लेखकाला बियाफ्राचा वकील व्हावे लागले नाही, हेच त्याचे कारण असावे.

केन सारो-विवा यांची ‘सोझाबॉय’ (1985) ही कादंबरी या दोहोंपेक्षा वेगळ्या कोनातून लिहिली गेली. सारो-विवा ओगोनी, म्हणजे बियाफ्राच्या सीमेत परंतु इग्बो नसलेल्या एका लहान समाजातले. युद्धात ते संघराज्याच्या बाजूने राहिले. कादंबरीची भाषा लेखकाने स्वतःच ‘कुजकी इंग्रजी’ म्हणून वर्णिली आहे : पिजिन, मोडकी व मधूनच शुद्ध अशी इंग्रजी. युद्ध कोणाचे व कशासाठी हे निवेदक मेने यास अखेरपर्यंत नीट कळत नाही. निर्वासितांच्या छावणीत त्याला स्वतःच्या गावचा प्रमुख व पाद्री आढळतात. भोवती माणसे मरत असता दोघेही मदतीच्या अन्नावर बाळसे धरून आहेत. आणि दोन्ही बाजूंच्या सैन्यांत पुनःपुन्हा भेटणारा एक मनुष्य आहे, मनमुस्वाक. हे नाव म्हणजे पिजिनमधील एक आकुंचित वाक्य : माणसाने कसेही करून खाल्ले पाहिजे, जगले पाहिजे. लष्करी वर्तनाविषयी इतका कटू अभिप्राय अन्य कोणत्या कादंबरीने एका विशेषनामात कोंबला असेल असे वाटत नाही. मराठी भाषांतरकाराने हे नाव तसेच ठेवावे की ‘पोटभरू’सारखा प्रतिशब्द शोधावा, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे, मला स्वतःला प्रतिशब्द नको, कारण ‘पोटभरू’त निंदा येते, आणि मूळ नावात निंदा आहे की क्षमा हे ठरविता येत नाही.

यावर असा आक्षेप येऊ शकेल, की वेढ्यातील माणसांच्या चोऱ्या दाखविल्याने वेढा घालणाऱ्याचा अपराध हलका होतो. अवोलोवो यांचा युक्तिवाद नेमका तेवढ्यावरच उभा आहे, म्हणून हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. परंतु नवांक्वो असलेल्या अन्नाची वाटणी बिघडवितो. किती अन्न असावे हे तो ठरवीत नाही. गावचा प्रमुख दहा जणांचा वाटा खातो. दहा लाखांचा रस्ता बंद करणे त्याच्या हाती नाही. या दोन क्रिया मराठीत निरनिराळ्या क्रियापदांनी सांगाव्या लागतात, आणि एकीचा कर्ता दुसरीवर चढविण्याची सोय व्याकरण देत नाही. पखालीतले पाणी चोरणारा आणि विहीर बुजविणारा यांना आपण एकच शब्द वापरीत नाही. ओजुक्वूंचे प्रकरण मात्र याहून कठीण आहे : उघडू शकणारे एक दार त्यांनीही लावून धरले. तेथे कर्ते दोन मानावे लागतात, जरी भार सारखा नाही.

कायद्याची भाषा पुढे बदलली. 1977 च्या दोन पूरक करारांनी युद्धपद्धती म्हणून नागरिकांची उपासमार करण्यास मनाई केली. दुसऱ्या कराराचे 14 वे कलम तर यादवी युद्धांसाठीच आहे. पण अन्नसाठे व पिके यांवर हल्ला करण्याची बंदी तेथे ‘त्या हेतूने’ केलेल्या कृतीपुरती शब्दबद्ध झाली आहे, आणि हेतू म्हटला की 2012 सालचा वाद पुन्हा जशाचा तसा उभा राहतो. अवोलोवो यांच्या 1983 च्या खुलाशात हेतू सैनिकांविषयीचा होता.