अरण्यनिवास आणि मराठी लेखणी

अलीकडे मराठी प्रवासवाङ्मयास एक नवी शाखा फुटली आहे. तीर्थयात्रा, परदेशगमन आणि दुर्गभ्रमण हे आपल्या प्रवासलेखकांचे जुने विषय. त्यांत आता अरण्यातील मुक्कामाची भर पडली आहे. नदीच्या अथवा जलाशयाच्या काठी झाडीत दडलेले एखादे निवासस्थान, त्यास लावलेले 'पर्यावरणपूरक' हे विशेषण, तेथे दोन रात्रींचा मुक्काम आणि परतल्यावर एक लेख, असा तिचा बहुधा क्रम असतो. सुशिक्षित कुटुंबांत या लेखनाची आवड वाढत आहे, ही गोष्ट आम्हांस इष्टच वाटते. तथापि आवड वाढली म्हणजे वाङ्मयाचा कसही वाढला असे होत नाही. म्हणून या शाखेचा थोडा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

कोल्हापूरकरांस उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. भोगावतीच्या उगमाकडील दाजीपूरचे रान एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते. 1958 साली तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि पुढे राधानगरी अभयारण्य या नावाने त्याचा विस्तार झाला. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटाच्या ज्या भागांस जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत हेही आहे. एका अंगास राजर्षी शाहू छत्रपतींनी आरंभिलेल्या राधानगरी धरणाचे पाणी, दुसऱ्या अंगास काळम्मावाडीचे पाणी, आणि मध्ये अंजनी, जांभूळ, हिरडा व कारवी यांची गच्च झाडी. वनस्पतिशास्त्रज्ञ या झाडीचे सदाहरित, निमसदाहरित आणि पानझडी असे भेद करतात. आमचे प्रवासलेखक तीस सरसकट 'वर्षावन' म्हणून मोकळे होतात.

शब्द हाती घेतला की त्याची जबाबदारीही घ्यावी लागते. वर्षावन म्हणजे पावसाने घडविलेले वन. परंतु असे डझनभर लेख वाचूनही त्यांत पाऊस म्हणून आढळत नाही! पावसाळ्यात अभयारण्याची वाट पर्यटकांस बंद असते; सबब लेखकाचा मुक्काम मार्गशीर्षात पडतो, नाहीतर वैशाखात. मग लेखात येते ते पाण्यावरचे चांदणे, पहाटेचे धुके, पाणवठ्यावर उतरलेला गवा आणि, हे तर कधीच चुकत नाही, 'गूढ शांतता'. ज्या चार महिन्यांत ते रान खऱ्या अर्थाने जगते, ज्यांत झाडांच्या खोडांवर शेवाळे व आमरी फुलतात, बेडकांच्या आवाजाने रात्र भरून जाते, जळवा पायांस लागतात आणि सड्यावरचे पाणी हजार वाटांनी खाली धावते, ते चार महिने या वाङ्मयातून गळालेलेच असतात. नायकावाचून नाटक लिहिण्यासारखाच हा प्रकार होय.

कोणी म्हणेल, जेथे जाण्यास मनाई आहे तेथील वर्णन लेखकाने कसे करावे? आक्षेप रास्त आहे. वाट बंद ठेवण्याचा नियमही रास्त आहे. पावसात चाकांनी उखडलेली माती आणि बुजलेली जनावरे कोणास हवी आहेत? परंतु वाट बंद झाली म्हणून चौकशीही बंद व्हावी, हे आम्हांस मान्य नाही. अभयारण्याच्या भोवती गावे आहेत, डोंगरांत धनगरवाडे आहेत, वनरक्षक आहेत. या मंडळींचा आषाढ कोठेही पर्यटनास गेलेला नसतो. त्यांची घरे वाऱ्यापावसापासून कशी शाकारली जातात, गुरे कोठे बांधली जातात, गवा पिकात उतरला म्हणजे रात्र कशी काढावी लागते, हे विचारण्यास कोणाची मनाई आहे? आमच्या लेखांत ही माणसे येतात ती चहा आणून देण्यापुरती, अथवा वाट दाखविण्यापुरती.

मराठीत याहून वरचा दर्जा गाठला गेलेलाच नाही असे असते, तर आम्ही इतके कठोर बोललो नसतो. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' (1956) महिन्यांच्या क्रमाने रचलेले आहे. या रचनेतच एक शिस्त आहे: चैत्राचे कौतुक करून आषाढास वगळण्याची सोय तीत नाही. याच दुर्गाबाईंनी थोरोचे 'वॉल्डन' मराठीत आणले, हा योगायोग आम्ही मानीत नाही. तळ्याकाठी राहणे म्हणजे काय, हे सांगण्यापूर्वी थोरो 1845 पासून दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिला, आणि तळे गोठण्याचे दिवसही त्याने टाळले नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' (1979) लिहिले ते अरण्यात मुक्काम ठोकून, पायी हिंडून. तेथील रान पानझडीचे, आमच्या घाटातल्यासारखे नव्हे. पण अनुकरण करावयाचे ते रानाचे नसून दृष्टीचे आहे. पूर्वायुष्यात शिकार केलेला हा लेखक जनावराकडे पाहताना विशेषणे शोधीत बसत नाही, जनावर काय करते ते सांगतो. मारुती चितमपल्लींनी तर वनखात्याच्या नोकरीत सारे ऋतू रानातच काढले, आणि पाखरांची व झाडांची नावे तेथील आदिवासींच्या तोंडून घेऊन मराठीस दिली. या तिघांकडे जे समान आहे ते म्हणजे सवड. दोन रात्रींच्या मुक्कामात ती मिळत नाही, हे खरे. पण मग लेखणीनेही दोन रात्रींच्या मापानेच बोलावे.

हा वाद केवळ साहित्यातील रुचीचा आहे असे कोणी समजू नये. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, या वार्ता पंचगंगेच्या काठी दर पावसाळ्यात श्वास रोखून ऐकल्या जातात. 2005, 2019 आणि 2021 सालचे महापूर कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. ज्या झाडीत आपण हिवाळ्यात चांदणे पाहावयास जातो, तिच्यावर कोसळलेला पाऊसच पुढे भोगावतीतून आपल्या दाराशी येतो. झाडी व सडे त्यातले काही पाणी मुरवतात, उन्हाळ्यात झऱ्यांवाटे परत देतात. आणि याच राधानगरी तालुक्यात सड्यांवर बॉक्साइटच्या खाणीही झाल्या आहेत. सडा म्हणजे ओसाड कातळ, असे समजणारा वाचक त्याच्या बचावास कशासाठी उभा राहील? त्याला वाङ्मयाने चांदणे दाखविले, पाणी दाखविले नाही. लोकमत घडते ते अहवालांपेक्षा अशा ललित लेखांनीच अधिक, आणि म्हणूनच त्यांतील उणीव आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

निवासस्थाने असावीत, तेथे कुटुंबांनी मुलाबाळांसह जावे, आणि ज्यांस लिहावेसे वाटेल त्यांनी अवश्य लिहावे. आमचे मागणे एवढेच की, 'वर्षावन' हा शब्द लिहिताना त्यातील पूर्वपदाचे विस्मरण होऊ देऊ नये. अरण्याच्या वेशीवरच्या एखाद्या गावात भर आषाढात आठ दिवस राहून, घोंगडे पांघरून, तेथील वृद्धांशी बोलून लिहिलेला एक लेख आमच्या हाती यावा. त्यात गवा एकदाही दिसला नाही तरी चालेल.