विदा : अपराधाचा विषय की अभ्यासाचा?
नवसंशोधकांसाठीच्या विद्यापीठीय ग्रंथालय कार्यशाळांची समीक्षा

प्रस्तावना :
विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०१९ मध्ये पीएच.डी.च्या नोंदणीपूर्व अभ्यासक्रमात 'संशोधन आणि प्रकाशन नीतिशास्त्र' हा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा विषय अनिवार्य केला. नवसंशोधकांसाठी विद्यापीठ ग्रंथालये व महाविद्यालये ज्या कार्यशाळा भरवितात, त्यांचा आराखडा आज बहुतांशी याच पाठ्यक्रमावरून बेतलेला दिसतो. म्हणून कार्यशाळांची चिकित्सा करावयाची तर आरंभ या पाठ्यक्रमापासूनच करणे क्रमप्राप्त ठरते.

पाठ्यक्रमातील सहा घटकांपैकी शेवटच्या घटकाला सात तास दिलेले आहेत. चार तास निर्देशसूची व उद्धरण-सूचींसाठी, म्हणजे स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स यांसाठी. तीन तास संशोधनाच्या मापनासाठी. या मापनात प्रभावांक, एच-निर्देशांक आणि त्यांच्या भावंडांचा समावेश होतो. आता विदा, म्हणजे ज्याला सर्वजण डेटा म्हणतात ती आधारसामग्री, या तीस तासांत कोठे भेटते? ती भेटते दुसऱ्या घटकात : बनावट, फेरफार, वाङ्मयचौर्य, निवडक मांडणी आणि विपर्यास यांच्या संदर्भात. विद्यार्थ्याची विदेशी पहिली ओळख अशा रीतीने अपराधाच्या प्रकरणात करून दिली जाते. ती कोठून मिळवावी, कशी वाचावी, कशी स्वच्छ करावी, दोन तक्ते एकमेकांशी जुळत नसतील तर काय करावे, यासाठी स्वतंत्र वेळ नाही. पोहायला शिकविण्यापूर्वी बुडण्याची कलमे पाठ करून घ्यावीत, तसा हा प्रकार आहे.

नीतिशास्त्राचे महत्त्व येथे नाकारावयाचे नाही. आयोगाच्या जुलै २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याच्या पातळ्या निश्चित केल्या, हे आवश्यकच होते. परंतु कार्यशाळेत त्या विनियमांतून उरते ती केवळ 'दहा टक्के' ही संख्या. साम्य दहा टक्क्यांच्या आत कसे आणावे, हा प्रश्न 'हे विधान कोठून आले' या प्रश्नाची जागा घेतो. वाक्यातील शब्द बदलून टक्का खाली येतो. पण चुकीचा आकडा स्वतःच्या शब्दांत लिहिला तरी चुकीचाच राहतो आणि साम्य तपासणारी कोणतीही आज्ञावली त्याला हरकत घेत नाही.

नवसंशोधक कोण?
हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. पदवी बंद केली. या पदवीच्या गुणवत्तेविषयी मतभेद होते, तरी लहान प्रबंधाच्या निमित्ताने चुका करून पाहण्याची ती एक जागा होती. दुसरीकडे, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच सत्रात संशोधनपद्धती हा चार श्रेयांकांचा विषय आला. म्हणजे आज नवसंशोधक हा एकवीस-बावीस वर्षांचा एम.ए., एम.कॉम.चा विद्यार्थी आहे. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत तो अंबरनाथ-बदलापूरचाही असतो आणि सावंतवाडीचाही. विद्यापीठाचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय कालिन्याला. बदलापूरहून कुर्ल्यापर्यंत लोकल आणि पुढे बस किंवा रिक्षा, एवढा प्रवास करून अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळेला आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती काय पडते, हा समीक्षेचा खरा निकष मानावयास हवा. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय आणि आभारप्रदर्शन यांत जाणारा वेळ त्याच्या प्रवासाच्या हिशेबात धरलेला नसतो.

सोनिवलीची संख्या :
एक साधा विषय घेऊ. बदलापूर परिसरातील सोनिवली येथील वस्तीवाढीवर एखाद्या विद्यार्थिनीला प्रकल्प करावयाचा आहे. कार्यशाळेत शिकलेल्या रीतीने ती स्कोपस उघडील, इंग्रजीत 'सोनिवली' लिहील आणि बहुधा रिकाम्या पानाकडे पाहत बसेल. तिला लागणारी सामग्री जनगणनेच्या तक्त्यांत आहे. तेथेही सोनिवली हे नाव सहज हाती लागत नाही, कारण कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील वस्ती नगराच्या बेरजेत मिसळून जाते. नगराची लोकसंख्या २००१ मध्ये ९७,९४८ होती, २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. वाढ सुमारे ७८ टक्के. त्याच दशकात अंबरनाथ २,०३,८०४ वरून २,५३,४७५ वर गेले, म्हणजे सुमारे २४ टक्के. आणि उल्हासनगर ४,७३,७३१ वरून ५,०६,०९८ वर, म्हणजे जेमतेम ७ टक्के. एकाच लोहमार्गाच्या पट्ट्यातील या तीन नगरांतील तफावत हाच एखाद्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

मात्र येथेच सापळे सुरू होतात. २०२१ ची जनगणना झाली नाही; पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तरीही संकेतस्थळांवर बदलापूरची 'चालू' लोकसंख्या अगदी शेवटच्या अंकापर्यंत दिलेली आढळते. तो जुना वाढदर पुढे ताणून काढलेला अंदाज आहे, मोजणी नव्हे, हे तेथे ठळकपणे सांगितलेले नसते. दुसरा सापळा जिल्ह्याचा. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ आहे. परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. आजच्या ठाणे जिल्ह्याची रुग्णालये किंवा शाळा त्या जुन्या संख्येने भागल्या, तर येणारे प्रमाण जवळजवळ तीस लाख माणसांनी चुकते. भागाकार बरोबर, निष्कर्ष चूक! उल्हास नदीच्या पुराचा अभ्यास करणाऱ्याचीही गत अशीच होते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. त्या पुराची मीमांसा सांताक्रूझच्या पर्जन्यमापकावरून करता येत नाही, कारण नदीचे पाणलोट क्षेत्र घाटाकडे आहे.

या तीनही गोष्टी दीड तासात, एका संगणकावर, विद्यार्थ्यांकडून करवून घेता येतात. त्यांसाठी प्रभावांक ठाऊक असण्याची गरज नाही.

भाषेचा अडसर :
मराठीत लिहिणाऱ्या संशोधकाची अडचण आणखी निराळी आहे. २००९ च्या विनियमांनंतर प्रबंधांच्या अंकीय प्रती 'शोधगंगा'वर येऊ लागल्या, ही मोठीच सोय झाली. परंतु अनेक मराठी प्रबंध युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेले किंवा पाने छायांकित करून चढविलेले आहेत. त्यांच्या अंतरंगात शब्द शोधता येत नाही. शीर्षकाचे रोमन लिप्यंतर ज्याने जसे केले तसे. 'कुळगाव' आणि 'कुळगांव', 'अंबरनाथ' आणि जुन्या इंग्रजी लेखनातील 'अमरनाथ' ही यंत्राच्या लेखी वेगळी नावे ठरतात. एकाच शब्दाची चार-पाच रूपे टाकून शोध घेण्याची सवय लावणे हे मराठी नवसंशोधकासाठी पहिले कौशल्य असावयास हवे. कार्यशाळांच्या विषयपत्रिकांत त्याला क्वचितच स्थान मिळते. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेमुळे शासकीय संस्थांना हजारो आंतरराष्ट्रीय नियतकालिके खुली झाली, हे स्वागतार्ह आहे; त्यांत सोनिवली सापडण्याची शक्यता मात्र त्यामुळे फारशी वाढलेली नाही.

दुसरी रीत :
परदेशात या प्रश्नाचा विचार कसा झाला, याचे एक उदाहरण लक्षणीय आहे. १९९८ मध्ये ग्रेग विल्सन व ब्रेंट गोर्डा यांनी अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांसाठी 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' हा उपक्रम सुरू केला. 'कार्पेंट्री' म्हणजे सुतारकाम. नावातच हाताने करण्याचा आग्रह आहे. २०१५ मध्ये लंडनमधून ग्रंथपालांसाठी त्याची शाखा निघाली. तेथील रीत अशी की शिक्षक तयार चित्रफिती दाखवीत नाही. तो सर्वांसमोर टंकलेखन करतो, चुकतो आणि चूक दुरुस्तही करतो. प्रत्येकाजवळ दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या असतात. काम झाले की एका रंगाची, अडले की दुसऱ्या रंगाची चिठ्ठी संगणकावर चिकटवावयाची. मदतनीस त्या चिठ्ठीकडे पाहून येतो. भर सभेत हात वर करून 'समजले नाही' म्हणण्याचा संकोच उरत नाही. आपल्याकडील विद्यार्थ्याला या चिठ्ठीची गरज कदाचित अधिकच आहे. ही रीत जशीच्या तशी उचलावी असे नाही. तिचा बराचसा पाठ्यभाग इंग्रजी आणि संगणकीय आज्ञांवर उभा आहे. शिवाय मदतनीस लागतात, आणि जेथे ग्रंथपालाचे पदच रिक्त आहे तेथे मदतनीस कोठून आणावयाचे, हा प्रश्न विद्यापीठाने सोडवावयाचा आहे. त्याचा भार एकट्या ग्रंथपालावर टाकणे अन्यायाचे होईल.

तथापि सामग्री जवळच आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ७८२ असा वाचला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या वाचनानुसार तो ९८२, म्हणजे इ.स. १०६० ठरला आणि मंदिर शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळाशी जोडले गेले. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. दोन्ही विद्वान प्रामाणिक होते. येथे बनावट नव्हती, फेरफारही नव्हता. दोन्ही वाचने, शिलालेखाचा ठसा आणि त्यावरील पुढील चर्चा विद्यार्थ्यांसमोर एका टेबलावर ठेवून 'तुम्हाला कोणता अंक दिसतो?' असे विचारण्यास कार्यशाळेतील एक तास पुरतो.