आकाशातील पाहुणा आणि राहबींचे मासे

बेत हानान हे मोशाव रामला व लोद येथे राहणाऱ्या आपल्या समाजबांधवांना फार लांब नाही. तेथील एका शेतकऱ्याचा मुलगा कोंबड्यांची अंडी गोळा करीत वाढला. सवड मिळाली की तो ट्रॅक्टर घेऊन टेकड्यांवर जाई आणि तत्त्वज्ञांची पुस्तके वाचीत बसे. पुढे वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याने येरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, अमेरिका गाठली, आणि २०११ ते २०२० या काळात तो हार्वर्ड विद्यापीठाच्या खगोलशास्त्र विभागाचा प्रमुख होता. हे अवी लोब यांचे चरित्र. ते ऐकून कोणाही इस्राएली माणसाची छाती फुगावी. आमचीही फुगली.

याच लोब यांचे 'एक्स्ट्राटेरेस्ट्रियल' हे इंग्रजी पुस्तक २०२१ साली निघाले. पृथ्वीबाहेरील बुद्धिमान जीवांची पहिली खूण आपल्याला मिळाली आहे, असा दावा त्याच्या उपशीर्षकातच आहे. तेव्हापासून वर्तमानपत्रांत अधूनमधून मथळे झळकतात, आणि घरातील नातवंडे विचारतात, "आजोबा, आपल्या माणसाने परग्रहावरचे लोक शोधून काढले, खरे का?" मुलांना 'हो' म्हणणे सोपे आणि 'नाही' म्हणणेही सोपे. पण पुस्तक न वाचता दिलेले कोणतेही उत्तर फसवणुकीचे ठरेल. म्हणून आम्ही ते दोनदा वाचले, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल धरून. जे दिसले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हकिकत. १९ ऑक्टोबर २०१७ रोजी हवाई बेटांवरील एका दुर्बिणीने एक ठिपका टिपला. त्याचा वेग आणि मार्ग पाहता तो आपल्या सूर्यमालेतील असणे शक्य नव्हते. दुसऱ्या ताऱ्यांकडून आलेला, माणसाने पाहिलेला हा पहिलाच पाहुणा. त्याला 'ओमुआमुआ' असे हवाईयन नाव देण्यात आले. दुरून आलेला आद्य दूत, असा त्याचा आशय आहे. पाहुणा दृष्टीस पडला तेव्हा सूर्याला वळसा घालून परत निघालाही होता. जानेवारी २०१८ नंतर तो कोणत्याही दुर्बिणीला दिसला नाही आणि पुन्हा कधी दिसणारही नाही.

त्याच्या तीन गोष्टी विलक्षण होत्या. सुमारे आठ तासांच्या फेऱ्यात त्याचे तेज दहापट कमीजास्त होत असे, म्हणजे त्याचा आकार फार लांबट किंवा फार चपटा असला पाहिजे. धूमकेतूला असते तसे वायूचे आवरण किंवा शेपटी त्याला दिसली नाही. आणि असे असूनही, सूर्यापासून दूर जाताना त्याला केवळ गुरुत्वाकर्षणाने उलगडा न होणारा किंचित जास्तीचा रेटा मिळत होता. लोब आणि त्यांचे सहकारी श्मुएल ब्याली यांनी २०१८ मध्ये सुचविले की हा रेटा सूर्यप्रकाशाच्या दाबाचा असू शकेल. पण तसे असेल तर ती वस्तू एक मिलिमीटरहूनही पातळ हवी. अशी वस्तू निसर्गात घडलेली कोणी पाहिली नाही. तेव्हा ते कोणीतरी तयार केलेले शीड असावे, असे हे अनुमान.

पुस्तकात चांगले पुष्कळ आहे, ते आधी सांगितले पाहिजे. लेखकाची शैली निर्मळ आहे. आईवडिलांचे, शेताचे आणि लहानपणच्या प्रश्नांचे वर्णन जिव्हाळ्याने आले आहे. जे प्रयोगाने कधी तपासता येईल की नाही याचीच शंका आहे अशा गणिती कल्पनांवर विद्वानांची आयुष्ये खर्ची पडतात, आणि परक्या जीवांचा शोध घेऊ म्हणणाऱ्याला मात्र हसतात, ही लोब यांची तक्रार आम्हांला रास्त वाटते. किनाऱ्यावर आपल्या मुलींबरोबर शिंपले वेचताना मधूनच एखादी प्लॅस्टिकची बाटली हाती येते, तसा हा पाहुणा असेल, ही त्यांची उपमा तर विसरता येत नाही. ज्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्यावर फुटले त्या आम्हांला समुद्राने वाहून आणलेल्या वस्तूचे मोल कोणी वेगळे सांगायला नको.

पण उपमा म्हणजे पुरावा नव्हे, आणि आमचे आक्षेप येथूनच सुरू होतात.

पहिला आक्षेप असा. पुस्तकाच्या आरंभी जे 'नाकारता येत नाही' असते, ते काही प्रकरणांनंतर 'सर्वांत सोपे स्पष्टीकरण' होते. मधल्या काळात नवा पुरावा आलेला नसतो. केवळ तीच गोष्ट पुनःपुन्हा सांगितल्याने वाचकाला तिची सवय झालेली असते. शिवाय ओमुआमुआ दिसण्यापूर्वीच, २०१६ पासून, प्रकाशाच्या दाबावर चालणारी शिडे दुसऱ्या ताऱ्याकडे पाठविण्याच्या योजनेत लोब स्वतः सल्लागार मंडळाचे प्रमुख होते. ही गोष्ट ते लपवीत नाहीत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला धरूनच आहे. परंतु दिवसभर शिडे शिवणाऱ्याला क्षितिजावर प्रत्येक ठिकाणी शीडच दिसावे, हा मनुष्यस्वभाव आहे, आणि त्यापासून सावध राहण्याचा जो संयम हवा तो पुस्तकात आम्हांला दिसला नाही.

दुसरा आक्षेप गॅलिलिओचा. गॅलिलिओच्या दुर्बिणीतून पाहण्यास त्याच्या विरोधकांनी नकार दिला, ही कथा लोब सांगतात, आणि आपले विरोधकही तसेच आहेत असे सुचवितात. पण येथे घडले काय? ज्यांनी लोब यांचे म्हणणे मानले नाही, त्यांनीच दुर्बिणी लावल्या होत्या. तो जास्तीचा रेटाही त्यांनीच मोजून २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. हबल आणि स्पिट्झर या अवकाशातील दुर्बिणी त्याच्याकडे वळल्या. अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणीने डिसेंबर २०१७ मध्ये कान लावला, आणि काहीही ऐकू आले नाही. पुढे २०२१ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी तो गोठलेल्या नायट्रोजनचा तुकडा असावा असे मांडले. २०२३ मध्ये आणखी दोघांनी दाखविले की बर्फात अडकलेला हायड्रोजन सूर्याच्या उष्णतेने सुटला तरी, शेपटी न दिसता, तेवढा रेटा मिळू शकतो. हीही अनुमानेच आहेत. पण ती ज्ञात वस्तूंवर उभी आहेत. ज्यांनी एवढे पाहिले त्यांना 'न पाहणारे' म्हणणे न्यायाचे नाही.

तिसरा आक्षेप मनाला अधिक लागणारा आहे. आपली उपेक्षा होते, आपल्याला हसतात, हे दुःख लोब यांच्या पानापानांतून जाणवते, आणि नकळत तेच दुःख त्यांच्या बाजूचा एक मुद्दा बनते. याविषयी आपल्या समाजाने बोलावे, कारण आपण ते भोगले आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत याच देशात विवाहाच्या वेळी आपल्या मुलामुलींकडे वंशाचा पुरावा मागण्यात आला. १९६४ साली तो प्रश्न मिटला, तोवर किती घरांनी काय सोसले हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून शंकेच्या नावाखाली होणारी हेटाळणी आम्हांला कधीच मान्य होणार नाही. पण त्याच अनुभवाने आम्हांला दुसरीही गोष्ट शिकविली. आम्ही यहुदी आहोत ते आमचा अपमान झाला म्हणून नव्हे. शब्बाथ, सुंता आणि शेमा पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले म्हणून. उपेक्षा झाल्याने माणसाचे म्हणणे खोटे ठरत नाही, तसेच ते खरेही ठरत नाही.

पुरावा कसा असावा याचे उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. दाविद राहबी कोकणात आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली कोण, असा त्यांना प्रश्न पडला. त्यांनी बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पंख व खवले असलेले मासे घेतले आणि उरलेले बाजूला सारले. राहबी केव्हाचे, याविषयी मतभेद आहेत. कोणी त्यांना हजार वर्षांपूर्वीचे मानतात, तर कोणी अठराव्या शतकातील. पण कथेतील कसोटी पाहा. मासे समोर होते. निकाल उलटाही लागू शकला असता, आणि तसा लागता तर राहबींना आपली आशा सोडून परत फिरावे लागले असते. जी कसोटी आपल्याविरुद्ध निकाल देऊ शकते, तीच खरी कसोटी.

ओमुआमुआच्या बाबतीत मासे केव्हाच समुद्रात निघून गेले. आता ते तपासता येत नाहीत, आणि पुस्तकाचे सारे बळ या 'तपासता येत नाही' यावरच उभे आहे. नंतरचे पाहुणे मात्र तपासता आले. २०१९ मध्ये दुसरा आला, बोरिसोव्ह नावाचा, तो सरळसाधा धूमकेतू निघाला. १ जुलै २०२५ रोजी चिलीतील दुर्बिणीला तिसरा दिसला, ॲटलास. लोब यांनी त्याही वेळी तो कृत्रिम असू शकेल असे मांडले. या वेळी जगभरच्या दुर्बिणींना सवड मिळाली. त्याभोवती धूळ आणि वायू होते, त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर होता. पंखही होते आणि खवलेही. तो धूमकेतू होता.

आता याच विषयावर लिहिलेल्या एका मराठी माणसाशी तुलना करू. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. परग्रहावरून येणाऱ्या दूताची कल्पना त्यांनाही भुरळ घालीत होती. ती त्यांनी 'प्रेषित' या कादंबरीत मांडली, म्हणजे कल्पनेला कल्पनेच्या घरी ठेवले. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांचे मत असे होते की जीवसृष्टीचे बीज अंतराळातून पृथ्वीवर आले. हे मत पुष्कळ शास्त्रज्ञांना अमान्य. नारळीकरांनी त्याच्या बाजूने नुसते लेख लिहून भागविले नाही, फुगा सोडला. २००१ मध्ये, आणि पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी, हैदराबादहून भारतीय अवकाश संस्थेच्या साहाय्याने प्रचंड फुगा वर गेला. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा भरून आणण्यात आली. हैदराबाद आणि पुणे येथील दोन प्रयोगशाळांनी ती वेगवेगळी तपासली. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांतील तीन जिवाणू नव्या जातींचे ठरले. त्यांना हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून नावे देण्यात आली.

२००९ साली हे जाहीर करताना मोठा मथळा द्यायला काय हरकत होती? पण निवेदनात स्पष्ट म्हटले होते की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, फक्त पुढील शोधाला उत्तेजन मिळते. हा संयम योग्य ठरला. आर्यभटाच्या नावाचा जिवाणू पुढे जमिनीतील मातीतही आढळला. वर सापडलेला जीव वरून खाली आला की खालून वर गेला, हे ठरविणे सोपे नाही. आपल्या इस्राएलचेच पाहा. ११ एप्रिल २०१९ रोजी 'बेरेशीथ' हे यान चंद्रावर आदळले, आणि त्यात काही हजार सूक्ष्म जलअस्वले होती! उद्या कोणी चंद्रावर जीव सापडल्याची आरोळी ठोकली, तर आधी आपलेच सामान तपासावे लागेल.

बेरेशीथ हा शब्द आला, म्हणून शेवटी धर्माविषयी. असे विषय मुलांपुढे काढले तर तोरावरील श्रद्धा ढळेल, असे काही वडीलमंडळी म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी काचेच्या चंबूत वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन घेऊन विजेच्या ठिणग्या सोडल्या, आणि प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले तयार झाली. २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहावरील माती बंद कुपीतून पृथ्वीवर आली. सजीव वापरतात त्या २० अमिनो आम्लांपैकी १४ तीत आढळली, असे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे पीठ, मीठ, पाणी आकाशात जागोजागी आहे. भाकरी मात्र अजून एकाच घरी सापडली आहे. पीठ ते भाकरी हा प्रवास कसा झाला, ते कोणालाही पूर्णपणे ठाऊक नाही. हे न कळणे श्रद्धाळू माणसाला लाजिरवाणे नाही आणि शास्त्रज्ञालाही नाही. लाजिरवाणे आहे ते न कळलेल्याला कळले म्हणणे.

तेव्हा लोब यांचे पुस्तक वाचावे का? जरूर वाचावे, आणि मुलांच्या हातीही द्यावे. बेत हानानच्या त्या मुलाचे कुतूहल त्यांना मिळावे. मात्र सोबत पेन्सिल द्यावी, आणि जेथे 'शक्य' चे 'बहुधा' झाले तेथे खूण करायला सांगावे. माणूस आपला आहे म्हणून त्याचे म्हणणे खरे, असे आपण धरले, तर परका म्हणून आपल्याला नाकारणाऱ्यांना काय उत्तर द्यायचे?

नातवंडांना आमचे उत्तर एवढेच: "बाळांनो, अजून कोणी सापडलेले नाही. शोध चालू आहे. चिलीत नवी मोठी दुर्बीण सुरू झाली आहे, आणखी पाहुणे येतील. ते आले की आधी मासे ताटात घ्या, खवले बघा, मग बोला."