पोस्टरवरचा मित्र

विनोदाला जात नसते, असा आपल्याकडील मध्यमवर्गीय समीक्षेचा एक लाडका समज आहे. रुग्णालयातील डॉक्टरांच्या मैत्रीवर बेतलेल्या मालिका पाहताना तो तपासून घ्यावा लागतो. थट्टामस्करीसाठी दोन माणसे बरोबरीने बसलेली लागतात, आणि बरोबरीने कुणी बसायचे हे आपली समाजरचना ठरवते.

'स्क्रब्ज' ही बिल लॉरेन्सची अमेरिकन विनोदी मालिका २००१ ते २०१० या काळात चालली. जे. डी. हा गोरा आणि टर्क हा काळा. कॉलेजपासूनचे हे जिवलग मित्र एकाच रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर होतात. एक औषधोपचाराच्या विभागात जातो, दुसरा शस्त्रक्रियेच्या. सोबती बदलतात, मैत्रीचे रंगही बदलू लागतात. पहिल्याच पर्वातील 'माय फिफ्टीन मिनिट्स' या भागात दोघे एका टीव्ही कॅमेरामनचा जीव वाचवतात. बोलबाला होतो. रुग्णालयाचा प्रमुख डॉ. केल्सो त्याचा फायदा उठवून त्यांना जाहिरातीसाठी पुढे करतो. आपली कातडी काळी आहे म्हणून आपल्याला वापरले जात आहे, हे टर्कला कळते आणि ते त्याला बोचते.

या भागाचे मोल मी मानतो. संस्थेला काळा माणूस भिंतीवरच्या चित्रात हवा असतो, ही गोष्ट येथे लपवलेली नाही. परंतु मर्यादाही तेथेच आहे. मालिकेचा निवेदक जे. डी. आहे. सोसणारा टर्क आणि सांगणारा जे. डी., अशी ही विभागणी आहे. टर्कचा अपमान मित्राच्या मनातून गाळून आपल्यापर्यंत येतो. याच मालिकेत पुढे गोऱ्या पात्रांनी चेहरा काळा रंगवून केलेली थट्टाही आली. २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर काळे लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा असे तीन भाग 'हुलू'वरून काढून घेण्यात आले. मैत्रीच्या नावाखाली काय काय खपून जाते, हे कळायला एवढी वर्षे आणि एवढे मोठे आंदोलन लागले.

तरीही तिकडे रंगाचा उच्चार तरी होतो. आपल्याकडे काय? २००७ ते २०१० या काळात 'स्टार वन'वर 'दिल मिल गये' ही शिकाऊ डॉक्टरांची मालिका चालली. आम्ही ती वसतिगृहातल्या सामाईक टीव्हीवर पाहिली. संजीवनी रुग्णालय, प्रेम, रुसवेफुगवे, खोड्या, पुन्हा दिलजमाई. कोण कोणत्या यादीतून प्रवेश घेऊन आला, हा प्रश्न त्या मैत्रीला कधी शिवत नाही. आणि मालिका सुरू झाली त्याच वर्षी डॉ. सुखदेव थोरात समितीचा दिल्लीच्या 'एम्स'विषयीचा अहवाल आला होता. अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटले आहेत, खानावळीत आणि खेळाच्या मैदानावर त्यांना दूर ठेवले जाते, असे त्यात नोंदवले होते. पडद्यावरचे वसतिगृह आणि अहवालातले वसतिगृह ही एकाच देशातली आहेत, हे सांगूनही खरे वाटू नये.

मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी ही तडवी भिल्ल समाजातील मुलगी २२ मे २०१९ रोजी आपल्यातून गेली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तीन सीनियर महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. त्याचा निवाडा न्यायालय करील. समीक्षकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: डॉक्टरांच्या मैत्रीची कोणती मालिका या खोलीचे दार उघडते?

पाथर्डी तालुक्यातून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुले आज 'नीट'ची तयारी करतात. मेडिकलला गेलेले विद्यार्थी भेटले की सांगतात, "सर, पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न असतो, 'नीटला किती पडले?'" हा प्रश्न गुणांचा नसतो. गुणांवरून यादी काढायची आणि यादीवरून जात, अशी ही रीत आहे. उत्तर दिल्यानंतर जेवायला हाक मारणारे कमी होतात. आमच्या मुलांच्या मैत्रीला वळण लागते ते येथे, प्रेमाच्या त्रिकोणात नव्हे.

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. समता वगळून बंधुतेची गोड चित्रे काढणाऱ्या मालिका नेमके हेच तोडतात. त्यांचे हसू निरागस नाही, ते कुणाला तरी खोलीबाहेर ठेवून हसलेले आहे.

म्हणून या मालिकांना नुसता नकार देऊन भागणार नाही. आमच्यातून डॉक्टर झालेल्यांनी आता लिहिले पाहिजे, आणि विनोदीही लिहिले पाहिजे. रात्रपाळी, सीनियरचा तोरा, गुण विचारणारा मित्र आणि सगळे ठाऊक असूनही डबा पुढे सरकवणारा मित्र, या सगळ्यांत हसण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त या वेळी निवेदन टर्कचे असावे.