संयमाचे समर्थन: शिवशंकर मेनन यांच्या ‘चॉइसेस’ची चिकित्सा

राजनीतिज्ञाने स्वतः घेतलेल्या निर्णयांचा इतिहास स्वतःच लिहावयाचा, यात सोय आणि धोका ही दोन्ही असतात. शिवशंकर मेनन यांचा ‘चॉइसेस’ हा २०१६ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९७२ मध्ये परराष्ट्रसेवेत आलेले मेनन चीन व पाकिस्तान येथे भारताचे प्रतिनिधी, २००६ ते २००९ परराष्ट्रसचिव आणि २०१० ते २०१४ राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होते. ग्रंथात आत्मचरित्राचा क्रम नाही; पाच निर्णयांची मीमांसा आहे. चीनशी झालेला १९९३ चा सीमाशांतता करार, अमेरिकेशी अणुकरार, मुंबईवरील हल्ल्यानंतरचा संयम, श्रीलंकेतील युद्धाचा अंत आणि अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे धोरण, हे ते पाच विषय होत.

यांतील मुंबईविषयक प्रकरण कसोटीचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर प्रत्यक्ष प्रतिकार करावा, असे मेनन यांचे त्या वेळचे मत होते. पुढे मात्र संयमच हितावह ठरला, अशा निष्कर्षास ते आले. आपले मूळ मत न लपविण्याचा हा प्रामाणिकपणा ग्रंथाचे मोल वाढवितो. परंतु असा हल्ला पुन्हा झाल्यास तोच संयम पाळणे कोणत्याही सरकारला जवळजवळ अशक्य होईल, असेही ते बजावतात. २०१६ व २०१९ च्या लष्करी कारवायांनी हे भाकीत खरे ठरविले. येथेच तर्काची गाठ आहे. लाभहानीच्या हिशेबाने संयम योग्य असेल, तर दुसऱ्या वेळी तो हिशेब का बदलावा? याचे उत्तर लोकमताच्या दडपणात आहे. आणि त्या दडपणाचे विवेचन ग्रंथात अपुरे राहिले आहे.

सीमाकराराच्या प्रकरणासही नंतरच्या घटनांनी नवी कसोटी लाविली. उभयपक्षी मान्य नकाशावाचून प्रत्यक्ष नियंत्रणरेषेचा आदर करावयाचा, ही त्या व्यवस्थेतील उणीव होती. जून २०२० मध्ये गलवान येथे वीस भारतीय सैनिक धारातीर्थी पडले. तथापि, त्यावरून १९९३ चा निर्णय चुकला असे ठरत नाही; दीर्घकाळ टिकलेली शांतताही त्याच व्यवस्थेच्या जमेस धरावी लागते.

सारांश, निर्णयकर्त्यापुढे कोणते पर्याय होते, याची साक्ष म्हणून हा ग्रंथ मोलाचा आहे. त्या पर्यायांच्या योग्यायोग्यतेचा निवाडा मात्र केवळ त्याच साक्षीवर करणे संशोधकास परवडणारे नाही.