घास भरवणारा हात आणि ताठ उभी राहिलेली मुलगी

आशिमा छिब्बर दिग्दर्शित ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ हा चित्रपट २०२३ साली पाहिला, तेव्हा राणी मुखर्जीचा आक्रोश ऐकून माझेही डोळे भरून आले. लेकराला हाताने भात भरवला, कुशीत घेऊन झोपवले, तर सरकार मूल उचलून नेणार? आईच्या हातच्या घासांवर वाढलेल्या कोणालाही हा घाव घरचाच वाटेल. पण त्या रडण्याने माझे समाधान झाले नाही. मी वकील नाही, समाजकार्याची पदवीही माझ्यापाशी नाही. न्यायनिवाडे आणि चौकशी अहवाल शब्दकोश शेजारी ठेवून वाचायचे, एवढाच माझा अभ्यास. त्या वाचनानंतर चित्रपटाविषयीचे माझे मत बदलले.

मूळ घटना नॉर्वेतल्या स्टाव्हांगरची, २०११ सालची. चित्रपट तिची मांडणी दोन रंगांत करतो : इकडे माया, तिकडे कपटी अधिकारी. चित्रपट आला तेव्हा नॉर्वेच्या भारतातील राजदूतांनी जाहीर लेख लिहून हे नाकारले. हाताने भरवणे किंवा एका अंथरुणात झोपणे या कारणाने मुले काढून घेतली जात नाहीत, असे त्यांचे म्हणणे. गोपनीयतेमुळे सरकारी बाजू पूर्ण उघड होत नाही, त्यामुळे या वादाचा निवाडा प्रेक्षकाने करू नये हे बरे. माझा आक्षेप वेगळा आहे. एप्रिल २०१२ मध्ये मुले भारतात आली ती काकांच्या ताब्यात. आईला ती मिळाली जानेवारी २०१३ मध्ये, कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशाने. म्हणजे दुसरी लढाई तिला आपल्याच संस्कृतीत, सासरच्या माणसांशी लढावी लागली. चित्रपटात हा भाग येतो. पण ‘आपली संस्कृती विरुद्ध त्यांची’ हे समीकरण तिथे मोडते, याची दखल पटकथा घेत नाही.

आता उलट बाजू. आयव्हरी कोस्टची व्हिक्टोरिया क्लिंबिए ही मुलगी. चांगले शिक्षण मिळेल या आशेने आईबापांनी तिला नात्यातल्या एका बाईबरोबर युरोपात पाठवले. लंडनमध्ये त्या बाईने आणि तिच्या जोडीदाराने केलेल्या छळाने २५ फेब्रुवारी २००० रोजी ती मेली. वय ८ वर्षे. शवविच्छेदनात अंगावर १२८ जखमा व व्रण आढळले. लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल जानेवारी २००३ मध्ये आला. त्यातला एक तपशील मला आजही सोडत नाही. त्या बाईसमोर ही पोर शिपायासारखी ताठ उभी राहते, हे समाजसेविकेच्या कानी आले होते. आफ्रो-कॅरिबियन घरांत वडीलधाऱ्यांचा असाच आदर करतात, असे तिने धरून चालले. व्हिक्टोरियाच्या आईबापांच्या घरी अशी रीत नव्हतीच. भीतीला आदर समजले गेले. चार भेटींत मिळून त्या मुलीच्या वाट्याला अर्धा तासही आला नव्हता.

ही दोन चित्रे शेजारी ठेवली की ‘संस्कृतीचा मान राखा’ ही घोषणा अपुरी वाटू लागते. एका ठिकाणी परकी रीत दोष ठरल्याचा आरोप आहे. दुसऱ्या ठिकाणी दोषावर रीतीचे पांघरूण पडले. दोन्हीकडे घराविषयीचे गृहीत आधी आले, चौकशी मागे राहिली.

मग करायचे काय? याचे उत्तर मला ‘अब्दी इब्राहिम विरुद्ध नॉर्वे’ या निवाड्यात थोडेफार सापडले. सोमाली मुस्लिम आईचे मूल ख्रिस्ती पालक-कुटुंबात ठेवले गेले आणि पुढे त्याच घरात दत्तक देण्यास मंजुरी मिळाली. आपल्या नातलगांकडे किंवा सोमाली अथवा मुस्लिम घरात ठेवा, ही तिची सुरुवातीची विनंती होती. नंतर मूल परत मागणेही तिने सोडले. मुळांशी त्याची नाळ तुटू नये, एवढेच मागितले. १० डिसेंबर २०२१ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने तिच्या हक्कांचा भंग झाल्याचा निर्णय दिला. त्याच धर्माचे घर मिळालेच पाहिजे, असे न्यायालय म्हणाले नाही. शासनाने त्यासाठी मनापासून खटपट करावी आणि भेटीगाठींची दारे बंद करू नयेत, असा त्याचा रोख आहे. १९८९ चा बालहक्क करार आणि त्याच वर्षीचा इंग्लंडचा बालक कायदा, दोन्ही मुलाचा धर्म, वंश, भाषा लक्षात घ्या असे सांगतात. दोन्हीकडे केंद्रस्थानी मूल आहे.

चित्रपटात मला हेच मूल दिसले नाही. आईच्या कडेवर ते दिसते, अधिकाऱ्यांच्या गाडीत दिसते. पण त्याला काय वाटते, त्याच्या भाषेत त्याच्याशी कोण बोलले, हे कोणी विचारत नाही. लंडनच्या त्या ताठ उभ्या पोरीलाही कोणी नीट विचारले नव्हते. आपण थिएटरात आईसाठी रडलो, ते खोटे नव्हते. फक्त तेवढ्यावर निकाल देऊन मोकळे झालो, याची मला आज लाज वाटते.