कुत्र्याची छत्री आणि 'अर्थ' नावाचं औषध

पाऊस पडला की उकिरड्यावर, शेणावर ज्या छत्र्या उगवतात त्यांना आपण कुत्र्याची छत्री म्हणतो आणि पोरांना हात लावू देत नाही. बरोबरच आहे ते. ओळख चुकली तर जीव जातो. पण काही भूछत्रांत सिलोसायबिन नावाचं द्रव्य असतं. मायकेल पोलन यांच्या 'हाऊ टू चेंज युवर माइंड' (२०१८) या पुस्तकानं ते घरोघरच्या चर्चेत आणलं. पुस्तक वाचनीय आहे, वाद नाही. आमची तक्रार आहे ती त्यातल्या 'अर्था'बद्दल.

पोलन यांचं म्हणणं थोडक्यात असं, की 'मी'पणाची गाठ सैल होते आणि माणसाला अर्थ गवसतो. शरीरात सिलोसायबिनचं सिलोसिन होतं, ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या ग्राहकांवर काम करतं. इथवर रसायनशास्त्र. अर्थ काही रेणूत नसतो. मेक्सिकोतली मारिया साबिना रात्रभर गायची ती आजारी माणसासाठी, देव बघायची हौस म्हणून नव्हे. १९५७ साली गॉर्डन वॅसन यांनी 'लाइफ'मध्ये लेख लिहिला, परक्यांची रीघ लागली, गाव तिच्यावरच उलटलं, तिचं घर जाळलं गेलं. संबळ, दिवटी, जमलेली भावकी काढून टाका. गोंधळ उरेल का? भोवतालाचं महत्त्व पोलनही मानतात, पण त्यांचा भोवताल म्हणजे कोच, डोळ्यांवरची पट्टी आणि निवडक संगीत.

आता औषधाचं. २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत इतर गोळ्यांना दाद न दिलेले २३३ नैराश्यग्रस्त होते. २५ मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेनंतर तीन आठवड्यांनी ३७ टक्क्यांची लक्षणं निम्म्यानं किंवा जास्त उतरली. नाममात्र १ मिलिग्रॅम दिलेल्यांत १८ टक्क्यांची. बारा आठवड्यांपर्यंत सुधारणा टिकली ती साधारण २० टक्क्यांत. त्यात आपल्याला खरी मात्रा मिळाली की नाही, हे रुग्णाला बहुधा कळतंच. म्हणजे गुण आहे, चमत्कार नाही.

आणि हे सगळं कसं, तर सहा-आठ तास, शेजारी दोन प्रशिक्षित माणसं. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. २०१५ मध्ये सरकारनं शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प आणला, त्यात आपलं धाराशिवही होतं. घरोघर जाऊन विचारपूस करायची ती आशाताईंनी. कर्ज फिटलं की नैराश्य जातं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण गाठ सैल झालेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर, त्याच नोटिशीपुढं उभा असणार. तिथं त्याच्याजवळ कोण, यावर हे पुस्तक गप्प आहे.

१९८५ च्या कायद्यानं हे द्रव्य आपल्याकडे बंदच आहे, तेव्हा रानात शोधू नका. कुणाच्या मनाला फारच ग्रासलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून घ्या, मराठीत बोलता येतं. आता प्रश्न घेऊ.